बेलूरवाडीचे वर गेलेले हात

गौरम्मा रोज सकाळी दोन कामं करायची, आणि ती एकामागोमागच करायची. आधी गळ्यातलं लिंग सोडून डाव्या तळहातावर घ्यायची, पळीभर पाणी वाहायची, कपाळावर विभूती ओढायची. ते पाणी पिऊन, पदर खोचून ती दारात यायची आणि समोरच्या माळाकडं तोंड करून एक सणसणीत शिवी द्यायची. शिवी कधी रानडुकराला असायची, कधी वायरमनला, कधी न आलेल्या टँकरला. कधी नवऱ्यालाही असायची, कारण त्यानं तिला न विचारता मरायची घाई केली होती. पूजा आणि शिवी यांत तिला काही विसंगत वाटत नसे. "देवाचं देवाला सांगितलं, बाकीच्यांचं बाकीच्यांना," ती म्हणायची, आणि चहाला बसायची.

बेलूरवाडी मुखेड तालुक्याच्या अगदी टोकाला आहे. ओढा ओलांडला की लातूर जिल्हा लागतो. आमच्याकडं घरात मराठी बोलतात, भांडणात कानडी येते आणि कचेरीत गेल्यावर आपोआप निजामाच्या वेळचे शब्द तोंडात येतात. गौरम्माला तिन्ही भाषा सारख्याच यायच्या, वाचता मात्र एकही येत नव्हती. तिच्याकडं जमीन नव्हती. शेळ्या होत्या, आणि शेळ्यांसाठी गावाच्या कडेचा माळ होता. सरकारी भाषेत ते गायरान. माळाच्या पायथ्याला, ओढ्याच्या कोरड्या पात्रात, खडकात एक झिरा होता. इतर वर्षी तिथं शेळ्या पाणी प्यायच्या. दुष्काळाच्या वर्षी सारं गाव प्यायचं. बाया खड्ड्यात उतरून वाटीवाटीनं पाणी उपसायच्या, एक घागर भरली की दुसरीचा नंबर. खाली पाणी पाझरेपर्यंत सगळ्या गप्पा मारत बसायच्या. गावातली निम्मी लग्नं त्या खडकावर ठरली असतील.

शेळ्यांना हाका मारून मारून गौरम्माचा आवाज असा झाला होता, की ती दारातून ओरडली तर माळापल्याडची शेळी मान वर करायची. म्हणून सोमवारी महादेवाच्या देवळात जयघोष तिनं द्यायचा, हे ठरून गेलं होतं. आमच्याकडं सोमवारी बैल जुंपत नाहीत, तो दिवस नंदीचा. त्यामुळं गडीमाणसंही मोकळी असतात आणि देऊळ भरतं. ग्यानोबा नावाच्या म्हाताऱ्यानं एकदा हरकत घेतली होती, की जयघोष गड्यानं द्यावा.

"द्या की बापू," गौरम्मा म्हणाली. "तुमच्या आवाजानं देव जागा झाला तर मी गप बसते."

ग्यानोबानं दिला. पहिल्याच अक्षराला त्याला खोकला आला. पुन्हा कुणी हा विषय काढला नाही. गौरम्मा दोन्ही हात डोक्यावर उचलून "हर हर" म्हणायची, आणि सगळं देऊळ दोन्ही हात उचलून "महादेव" म्हणायचं. लेकरं आयांच्या काखेतून हात वर करायची. हे शिकवावं लागत नाही. तो शब्द कानावर पडला की हात आपले आपण वर जातात.

ही गोष्ट मन्मथला ठाऊक होती, कारण तो आमच्यातलाच होता.

मन्मथ उदगीरचा. तीसेक वर्षांचा, कपाळावर विभूती, अंगात कंपनीचं निळं जाकीट. माळावर सौर प्रकल्प येणार होता आणि गावाशी बोलणी करायला कंपनीनं त्याला नेमलं होतं. त्याच्या कार्डावर 'समाज संपर्क' असं छापलेलं होतं. तो घरोघर गेला. म्हाताऱ्यांच्या पाया पडला. गौरम्माला त्यानं पहिल्या भेटीतच 'अव्वा' म्हटलं, म्हणजे आई. तिनं त्याला ताक दिलं. शेळीच्या दुधाचं ताक शहरातले लोक नाक मुरडून पितात, त्यानं वाटी चाटूनपुसून खाली ठेवली.

"अव्वा, सोमवारी देवळापुढं मीटिंग हाय. साहेब येणार हायत. तुम्ही पुढं बसा."

"कसली मीटिंग?"

"गावाच्या भल्याची. पाण्याचं बी बोलणं निघंल."

त्या हिवाळ्यात पाण्याचं बोलणं निघणार म्हटल्यावर मेलेली माणसंही आली असती. पाऊस दोन पावसाळे रुसला होता, तूर वाळून गेली होती, टँकर कधी यायचा कधी नाही. सोमवारी देवळापुढं माणूस मावत नव्हतं. सतरंजीवर सरपंच शेषेराव, तालुक्याहून आलेला एक अधिकारी, आणि कोपऱ्यात कॅमेरेवाला. अधिकाऱ्यानं कागद वाचायला घेतला. तो मराठीच वाचत होता, पण ती मराठी कुणाच्या घरात बोलली जात नाही. 'सदरहू गट', 'अनुषंगाने', 'बिगरशेती प्रयोजनार्थ', 'ग्रामस्थांचा सहभाग'. लोक ऐकत होते, म्हणजे पाणी हा शब्द कधी येतोय याची वाट बघत होते. तो एकदा आला, 'पाणीपुरवठ्यास बाधा न येता' असा, आणि निघून गेला. एकजण उठला आणि टँकरचं विचारू लागला. "शेवटी, शेवटी," सरपंच म्हणाला, "आधी वाचू द्या."

वाचून झालं. अधिकाऱ्यानं चष्मा काढला. "तर यास गावाची मान्यता आहे," तो कागदाकडं बघतच म्हणाला, आणि त्याच दमात मन्मथ उठून उभा राहिला.

"अव्वा, देवाचं नाव घ्या. चांगल्या कामाला देवाचं नाव पाहिजे."

गौरम्मा उठली. तिनं दोन्ही हात वर केले.

मी त्या दिवशी नांदेडला विद्यापीठात होते. हे सगळं नंतर गावातल्या सगळ्यांनी सांगितलं, आणि प्रत्येकानं हे सांगितलं की गौरम्माचा आवाज त्या दिवशी फारच छान लागला होता. सगळ्या गावानं हात उचलले. कॅमेरेवाला सतरंजीवर गुडघे टेकून बसला होता. मग लाडू वाटले. टँकरचं बोलणं निघालंच नाही, कारण साहेबांना उशीर होत होता.

माळ कसा गेला हे सांगायला एवढं पुरे आहे. पैसे चारले नाहीत, धमकी दिली नाही, अंगठे घेतले नाहीत. एका बाईला तिच्या देवाचं नाव घ्यायला सांगितलं.

उन्हाळा लागताना फाट्यावर, एसटी थांबते तिथं, मोठा फ्लेक्स लागला. गौरम्माला तो साखराबाईनं दाखवला. साखराबाई तिची शेजारीण, प्रौढ साक्षरतेच्या वर्गात अक्षरं शिकलेली, जगातली प्रत्येक पाटी मोठ्यानं वाचणारी.

"बाई, तुझा फोटू लागलाय. आमदारापेक्षा मोठा हाय."

"माझा? कामून?"

"थांब वाचून राहिले. 'बे-लू-र-वा-डी-चा ए-क-मु-खी पा-ठिं-बा.'"

"कशाला?"

साखराबाईनं खालची, माळावरच्या सौर प्रकल्पाची ओळ वाचली. मग पुन्हा वाचली. फोटोत गौरम्मा सगळ्यांत पुढं होती, दोन्ही हात आभाळात, तोंड उघडं. तिच्यामागं सारं गाव हात वर करून उभं. ज्याला आमच्याकडचा सोमवार माहीत नाही, त्यानं तो फोटो बघितला तर तो म्हणेल, या लोकांना काय आनंद झालाय.

दोघींची एसटी आली आणि गेली. गौरम्मा फ्लेक्सखाली उभीच होती. पारावरची पोरं टिंगल करत होती, "गौरम्मा मंत्री झाली, आता गाडी येणार." तिनं त्यांना शिवीसुद्धा दिली नाही. घरी येताना फक्त एवढं म्हणाली, "साखरे, मी त्येला ताक पाजलं."

पंधरवड्यानं माळावर खुणांचे दगड पडले, मग लोखंडी खांब आणि जाळीची भेंडोळी आली. जाळीची रेघ ओढ्याच्या पात्रातून जात होती. झिरा आत राहणार होता. तेव्हा कुठं सगळ्यांना कळलं की काय झालंय. गडीमाणसं सरपंचाकडं गेली. शेषेराव म्हणाला, "ठराव झालाय. हात वर केले तुम्हीच."

"ते देवाला केले," कुणीतरी म्हणालं.

"फोटूत देव दिसत न्हाई," शेषेराव म्हणाला. त्याला ते बोलून वाईट वाटलं असावं, कारण तो लगेच घरात गेला. पण तो बोलला.

गावातल्या कुणीही गौरम्माला तोंडावर दोष दिला नाही. पाठीमागं दिला. झिऱ्यावर ती आली की बाया जरा सरकून जागा द्यायच्या, आधी दिली असती त्यापेक्षा जास्त. आपल्या वाट्याचा नसलेला मान मिळाला की माणसाला कळतं.

ती मुखेडला गेली. तहसीलमधल्या कारकुनानं सगळं ऐकून घेतलं आणि ड्रॉवरमधून तोच फोटो काढला.

"ह्या तुम्हीच की, मावशी."

"हाव. मीच. मी देवाचं नाव घेऊन राहिले त्यात."

"इथं मान्यता म्हणून लावलंय."

"मग काढा."

"आता इथून काय होत नाही. शिवाय तुमच्या भागाचा नवा जिल्हा होणार आहे, उदगीर. तुमचं गाव तिकडं जातंय असं ऐकतोय. तिकडंच अर्जी द्या."

"कुठं हाय त्याची कचेरी?"

"अजून व्हायचाय जिल्हा."

गौरम्मानं पदर खोचला. "मंग तिथं जायची एसटी कुठून सुटंल तेवढं सांग बाळा. मी जाऊन बसते. जिल्हा आला की उठते."

मागच्या रांगेतले लोक हसले. कारकूनही हसला. हसून झाल्यावर त्यानं पुढच्या माणसाला हाक मारली.

नव्या जिल्ह्याची ती हवा तेव्हा आमच्याकडं प्रत्येक अडल्या कामाला लागायची. रस्ता नाही, तर नव्या जिल्ह्यात होईल. दवाखान्यात डॉक्टर नाही, तर नव्या जिल्ह्यात येईल. नसलेल्या जिल्ह्याच्या नसलेल्या कचेरीत आमच्या भागातली किती गाऱ्हाणी पडून आहेत, देव जाणे. कंपनीला मात्र जुना जिल्हाच पुरला. तिची कामं जुन्याच कचेरीत झाली, आणि वेळेवर झाली.

त्या सोमवारी गौरम्मा देवळात गेली, नमस्कार केला आणि मागं जाऊन खांबाला टेकून बसली. जयघोषाची वेळ झाली. सगळे तिच्याकडं बघू लागले.

"मी न्हाई," ती म्हणाली.

"असं कसं?" पुजारी म्हणाला.

"मी देवाचं नाव घेणं आता लोकांला महागात पडून राहिलंय. दुसरं कुणी घ्या."

कुणी घेतलं नाही. ग्यानोबानंही नाही. देवळात आरती झाली आणि जयघोषाशिवाय लोक घरी गेले. साखराबाई सांगते, की जेवण वाढून कुणी मीठ घालायचं विसरावं तसं वाटलं. पुढच्या सोमवारी तेच, त्याच्या पुढच्या सोमवारी तेच. त्या तिसऱ्या सोमवारी मात्र बाया देवळातून घरी गेल्या नाहीत. गौरम्मा उठून माळाकडं चालू लागली तशा तिच्यामागं निघाल्या. घरून रिकाम्या घागरी घेतल्या आणि जाळीचा पहिला खांब जिथं रोवायचा होता त्या खड्ड्याभोवती जाऊन बसल्या. गौरम्मा खड्ड्यात पाय सोडून बसली. ठेकेदाराचा माणूस आला.

"मावशे, उठा, सिमेंट ओतायचंय."

"वोत. मी बी पक्की व्हते."

काम थांबलं. आठवडाभर बाया पाळीपाळीनं बसल्या. त्याच दिवसांत लातूरला रेल्वेनं पाणी येत होतं आणि बातम्यांत दुसरं काही नव्हतं. पाण्यासाठी बाया बसल्यात हे कॅमेऱ्यात आलं तर बरं दिसणार नाही, एवढं तालुक्याला कळलं. अधिकारी आला, या वेळी माळावरच. सतरंजी नव्हती. तो दगडावर बसला. शेषेराव होता, कॅमेरेवाला होता, मन्मथ होता. मी सुट्टीला आले होते, त्यामुळं हे मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं.

ऊन असं होतं, की घागरीला हात लावला तर चटका बसत होता. अधिकाऱ्यानं सांगितलं, की गैरसमज दूर करण्यासाठी पुन्हा सभा घेत आहोत. 'गैरसमज' हा शब्द त्यानं चारपाच वेळा वापरला. मन्मथ गौरम्माकडं बघत नव्हता. तो उठला, घसा साफ केला, आणि मला आजही वाटतं की तो सवयीनंच म्हणाला, कपटानं नव्हे. पण वाटून उपयोग काय. त्यानं दोन्ही हात वर केले आणि ओरडला, "हर हर…"

एकही हात वर गेला नाही.

ते किती कठीण होतं हे त्या गर्दीत उभं राहिल्याशिवाय कळणार नाही. माझा स्वतःचा हात खांद्यातून हलला. समोर ग्यानोबा होता, त्यानं दोन्ही हात काखेत घट्ट दाबून धरले होते, आणि त्याचे ओठ हलत होते. तो 'महादेव' मनातल्या मनात म्हणत होता. एका लेकराचा हात वर गेला, आईनं तो धरून खाली ओढला, लेकरू रडायला लागलं. देवाचं नाव आभाळात अर्धं लटकत राहिलं आणि आम्ही ते पुरं केलं नाही. जन्मल्यापासून जे हात आपले आपण वर जात होते, ते खाली धरून ठेवायला आम्हांला शिकावं लागलं. हे ज्यांनी शिकवलं, त्यांच्या अहवालात या सभेला 'लोकसहभागाची दुसरी फेरी' म्हटलंय.

मन्मथचे हात मात्र वरच राहिले होते. त्यानं ते हळूहळू खाली घेतले.

गौरम्मा म्हणाली, "साहेब, आता इचारा. जे इचारायचंय ते साध्या बोलीत इचारा. देवाला मधी आणू नका."

अधिकारी म्हणाला, "तुमचा सौर प्रकल्पाला विरोध आहे का?"

"उन्हाला कशाला इरोध? ऊन लई हाय आमच्याकडं. गाड्या भरून न्या. पाणी ठिवा. माळ ठिवा."

"माळाचा निर्णय झालेला आहे."

"कवा?"

मग अधिकारी, शेषेराव आणि मन्मथ बाजूला जाऊन बोलले. गाव उन्हात उभं होतं. परत येऊन अधिकाऱ्यानं सांगितलं, की माळ देता येणार नाही, पण झिऱ्यासाठी जाळीत गेट ठेवू, सकाळी ठरावीक वेळ उघडं राहील, चौकीदार नेमू. हेही लोकांचं म्हणणं ऐकून घेतलं म्हणूनच, असं तो म्हणाला. बायांनी गौरम्माकडं पाहिलं. ती बराच वेळ झिऱ्याकडं बघत होती.

"गेट मोठं ठिवा," ती शेवटी म्हणाली. "डोईवर घागर घेऊन वाकायला लावू नका."

लोक म्हणाले, जिंकलो. मला ते तेव्हाही पटलं नाही. आपल्याच माळावर जायला आपल्यालाच दार, आणि तेही मागून घ्यायचं, वर आभार मानायचे. पण मी नांदेडला परत जाणार होते, घागर माझ्या डोईवर नव्हती, म्हणून मी गप्प राहिले.

माळ गेल्यावर शेळ्या ठेवणं जमेना. गौरम्मानं त्या मुखेडच्या बाजारात विकल्या. तिथं एका गिऱ्हाइकानं शेळीचं तोंड उघडून दात बघितले, तेव्हा ती त्याच्यावर अशी ओरडली की अर्धा बाजार गोळा झाला. "माझ्या माळावरची हाय ती, दात कसले बगतोस?" साखराबाई सोबत होती. ती सांगते, की गौरम्मा शिवी देताना रडत होती, आणि हे गिऱ्हाइकालाही कळलं, म्हणून त्यानं भाव केला नाही.

मन्मथ एकदा तिच्या घरी आला होता, जाकीट न घालता. दारात उभा राहून "अव्वा" म्हणाला. ती तांदूळ निवडत होती. तिनं त्याला बसायला सांगितलं नाही, हाकललंही नाही. तो चौकटीला धरून उभा राहिला. म्हणाला, मला वरून सांगितलं होतं, गावाची रीत बघून काम कर.

"तू चांगली बगितलीस," ती म्हणाली आणि सूप उचलून आत गेली.

सोमवारी ती देवळात जायची. दोन्ही हात जोडायची, वर मात्र नेत नव्हती. पुजाऱ्यानं विचारलं तर म्हणायची, खांदे दुखतात. जयघोष आता दुसरी एक पोर देते. हात पुन्हा वर जाऊ लागलेत, पण तुम्ही नीट पाहिलंत तर दिसेल, वर जाण्याआधी माणसं एकदा इकडंतिकडं बघून घेतात.

माळावर आता काचेच्या काळ्या पाट्या आहेत, ओढ्यापासून टेकाडापर्यंत. दुपारी त्यांच्याकडं बघवत नाही. तिथली वीज मोठ्या तारांवरून आमच्या घरांवरून जाते. कुठं जाते ते आम्हांला कुणी सांगितलं नाही, आणि विचारायची सभा झालेली नाही.

पाऊस त्या वर्षी झाला. पण आमच्याकडच्या विहिरी एका पावसानं भरत नाहीत, आणि पुढच्या उन्हाळ्यात बाया पुन्हा झिऱ्यावर होत्या. गेटवर व्यंकटी चौकीदार होता. गावातलाच, कंपनीनं नेमलेला. त्याला वेळ पाळावी लागायची, नाहीतर साहेब ओरडत. गौरम्मा चैत्रातल्या एका सकाळी घागर भरून गेटातून बाहेर आली, घरी पोचली, घागर उतरवून उंबऱ्यावर बसली आणि तिथंच गेली. डॉक्टर म्हणाले ऊन लागलं. साखराबाई म्हणते, ऊन नव्हे.

आमच्यात माणसाला बसवून पुरतात. तिला रुद्रभूमीत पुरलं. ती जागा जाळीच्या बाहेर राहिली आहे, तेवढी कंपनीची मेहरबानी.

दिवस झाल्यावर मी व्यंकटीला विचारलं, त्या सकाळी ती काही बोलली होती का. त्याला प्रश्नच कळला नाही. रोजच्यासारखी आली, रोजच्यासारखी गेली, तो म्हणाला. मग त्यानं सांगितलं. वेळ झाली होती, तो कडी लावायला उठला होता. गौरम्मा गेटातून बाहेर पडली, मान न वळवता, डोईवरची घागर सांभाळत त्याला म्हणाली:

"कडी लावू नको रे व्यंकटी. साखराबाई मागून येऊन राहिली."